पटाच्या गोऱ्ह्याचा खूर सांभाळा



धानाची मळणी उरकली, ढोली भरली, की आपल्या झाडीपट्टीत दोन गोष्टींचे वेध लागतात. एक नाटकाचे आणि दुसरे शंकरपटाचे. सूरजागडच्या डोंगरापासून वैनगंगेच्या काठापर्यंत कुठल्याही गावात जा, एखाद्या घरचा गोऱ्हा चपळ निघाला की घरातली तरुण पोरे म्हणू लागतात, "यंदा याला पटात उतरवू." हौस वाईट नाही. पण हौसेच्या भरात ज्या अवयवाकडे आपण सर्वांत कमी पाहतो, त्यावरच सारा बैल उभा असतो. तो म्हणजे खूर. आजचा लेख खुराच्या दुखापतीबद्दल आहे.

पट पुन्हा सुरू झाले आहेत, म्हणून हा विषय आता घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका वापरायचा नाही, अशा या अटी आहेत. लंगडा गोऱ्हा दानीवर उभा करणे हा नियमाचाही भंग आहे, हे धुरकऱ्याने आणि मालकाने दोघांनीही लक्षात घ्यावे.

खूर म्हणजे बैलाची बोटेच

बैलाचा खूर म्हणजे त्याच्या पायाची दोन बोटे आहेत. प्रत्येक नखीच्या आत एक हाड, त्याभोवती रक्ताने भरलेला मऊ थर आणि बाहेर शिंगासारखे कठीण कवच असते. हे कवच महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. केस आणि खूर जिथे मिळतात त्या कडेला आज चीर पडली, तर ती वाढत वाढत खाली जाऊन निघून जायला वर्षाहून अधिक काळ लागतो.

गोऱ्ह्याची अडचण अशी की त्याचे हाडही कोवळे असते. पायाच्या लांब हाडांच्या टोकाला वाढीची मऊ पट्टी असते. ती काही हाडांत दोन-अडीच वर्षांनी, तर काही हाडांत साडेतीन-चार वर्षांनी पक्की होते. अदंत आणि दोन दाती गोऱ्हा दिसायला तगडा असला तरी त्याचा पाय अजून तयार झालेला नसतो. म्हणून माझे सांगणे असे की, सहा दाती होईपर्यंत त्याला दानीवर आणू नये. तोवर नांगरलेल्या मऊ बांधीत थोडे थोडे चालवावे.

दुखापत दैवाने होत नाही

इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांत ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती होतात. तिथे कुत्री गोल मार्गावर सतत डावीकडे वळत धावतात. त्यामुळे त्यांच्या पायाची बोटे दुखावतात आणि मागच्या उजव्या पायाच्या सांध्यातले एक ठरावीक हाड पुन्हा पुन्हा मोडते. एकाच जागी, एकाच कारणाने. आपला पट सरळ रेषेत असतो, म्हणून आपल्याकडे वळणाचा धोका नाही. पण सुटताना बसणारा हिसका आणि पट संपल्यावर एकदम लगाम ओढून थांबवणे, या दोन्ही वेळी सारा भार खुरांवर येतो. म्हणून दानीच्या पुढे भरपूर मोकळी, मऊ जागा ठेवावी आणि जोडी आपोआप मंद होऊ द्यावी. पट चालवणाऱ्या मंडळींनी आदल्या दिवशी दानीतले खडे, काचा आणि खुंट वेचून घ्यावेत.

सूरजागड-एटापल्ली भागात पटाआधीच खूर दुखावण्याची कारणे पुष्कळ आहेत. जंगलात कापलेल्या बांबूचा खुंट सुरीसारखा धारदार असतो. खनिजाच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या रस्त्याच्या कडेला टोकदार खडी पडलेली असते. डांबरावर लांब पल्ला चालवत नेलेल्या जनावराचा तळवा झिजून पातळ होतो, आणि मग लहानसा खडाही आत रुततो. पट लांबच्या गावी असेल तर जनावर एक दिवस आधी न्यावे आणि शक्यतो मातीच्या वाटेने न्यावे.

तीन दुखापती, तीन खुणा

गोऱ्हा लंगडला की "मुरगळला असेल" म्हणून सोडू नका. पाय उचलून धुवा आणि नीट पाहा.

पहिली, बेचकीतली जखम. दोन नख्यांच्या मधल्या कातडीत खुंट किंवा काटा घुसतो. दोन-तीन दिवसांत नख्या फाकतात, वरचा भाग सुजतो, घाण वास येतो, जनावर चारा टाकते. जंतू आत शिरल्याची ही खूण आहे. अशा वेळी वरून औषध लावून भागत नाही, इंजेक्शन लागते.

दुसरी, तळव्यातील छिद्र. खिळा किंवा खडा तळव्यात घुसतो आणि भोक बुजते. वरून काही दिसत नाही, पण आत पू साठतो. नखी हाताला गरम लागते आणि दाबली की गोऱ्हा पाय ओढून घेतो. पशुवैद्यक तो भाग कोरून पू बाहेर काढतो, तेव्हाच आराम पडतो. अशा खोल जखमेत धनुर्वाताची भीती असते, म्हणून त्याच्या लसीबद्दल जरूर विचारावे.

तिसरी, नखीतले हाड मोडणे. धावताना किंवा धाव संपताच गोऱ्हा एकदम पाय टेकवेनासा होतो. सूज फारशी नसते, म्हणून मालक फसतो. पुढच्या पायाची आतली नखी मोडली असेल, तर गोऱ्हा पुढचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर ठेवून उभा राहतो. ही खूण विसरू नका. यावर उपाय आहे. धडक्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात, त्यामुळे मोडलेली नखी अधांतरी राहते आणि हाड सांधते. मात्र हे काम पशुवैद्यकाचेच आहे.

एक सावधगिरी आणखी. गोठ्यातली दोन-तीन जनावरे एकदम लंगडू लागली, तोंडाला लाळ सुटली, जिभेवर फोड आले, तर ती दुखापत नाही; ती तोंडखुरी, म्हणजे लाळ्या-खुरकूत आहे. असे जनावर पटात किंवा बाजारात अजिबात नेऊ नये. या रोगाची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी.

पहिल्या तासात काय करावे

आपल्याकडे दवाखाना लांब असतो, म्हणून घरी करायच्या गोष्टी माहीत हव्यात.

१. गोऱ्ह्याला तिथेच थांबवा. "घरापर्यंत चालेल" म्हणून चालवू नका, गाडीतून आणा.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका.

३. रक्त थांबल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने पाय धुवा. पाण्यात पोटॅशचे दोन-चार खडे टाकून फिका गुलाबी रंग आणावा. गडद रंगाचे पाणी कातडी जाळते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा.

४. नख्यांच्या मध्ये कापूस ठेवून सुती पट्टी बांधा. पट्टी फार आवळू नका. वरून गोणपाटाची पिशवी बांधा आणि पट्टी रोज बदला.

५. जखम नसून नुसती सूज असेल तर पहिल्या दिवशी गार पाण्याची धार दोन-तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटे सोडा.

६. कोरड्या जागी तणसाचा जाड थर घालून गोऱ्हा बांधा. चारा-पाणी तोंडाशी द्या.

७. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा.

काय करू नये, तेही सांगतो. जखमेवर चुना, राख, शेण, डिझेल किंवा बॅटरीचे पाणी घालू नका. डाग देऊ नका. मोरचूद खुरासाठी चांगले, पण उघड्या जखमेवर ते झोंबते.

सकाळी शेण काढताना आणि पाणी पाजताना गोऱ्ह्याची चाल बदललेली बहुधा घरच्या बाईच्या लक्षात प्रथम येते. तिने सांगितले तर ऐका. पटाला जायचे ठरले आहे म्हणून तिचे बोलणे उडवून लावू नका.

दुखणे मारणारी सुई

काही जण गोऱ्हा लंगडत असताना दुखणे थांबवणारी सुई टोचून त्याला पळवतात. हा सर्वांत मोठा घात आहे. दुखणे हे गोऱ्ह्याचे बोलणे असते. ते बंद केले म्हणजे जखम बरी झाली असे नव्हे. बारीक चीर गेलेले हाड अशा धावेत दुभंगते.

सुई देणे भाग असेल तर ती पशुवैद्यकाने सांगितलेलीच द्यावी. डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. ही औषधे दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. गडचिरोलीच्या जंगलात गिधाडे वाचवण्याची धडपड चालली आहे, ती आपल्या गोठ्यातून मोडू नये. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना धोक्याचे नाही. पण तेही विश्रांतीबरोबर द्यायचे असते, शर्यतीसाठी नाही.

मृगाचा हिशेब

आता साधा हिशेब मांडू. समजा, जानेवारीच्या मध्यावर गोऱ्ह्याच्या नखीतले हाड मोडले. ठोकळा लावून दहा आठवडे गोठ्यात ठेवले की मार्च संपतो. एप्रिलभर रोज थोडे मऊ जमिनीवर चालवा. मे महिन्यात रिकामी बंडी ओढू द्या. मृग लागेल तेव्हा गोऱ्हा चिखलणीला उभा राहील.

पण फेब्रुवारीत आणखी एक पट आला आणि सुई टोचून त्याला पळवला, तर हा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. तेव्हा मृगापर्यंत दिवस पुरत नाहीत. कदाचित नखीच काढावी लागते. मग रोवणीच्या ऐन घाईत दुसऱ्याच्या जोडीची वाट पाहत बसावे लागते, आणि डोंगरउतारावरच्या लहान बांधीत ट्रॅक्टरही वळत नाही. पऱ्हे मात्र आपल्यासाठी थांबत नाहीत.

पूर्व विदर्भातील आपली कठाणी जात अंगाने लहान, पण धानाच्या चिखलात काम करणारी म्हणून ओळखली जाते. अशा जनावराचा मान पटाच्या बक्षिसापेक्षा बांधीतल्या कामात जास्त आहे.

तेव्हा पटाला जरूर जा. पण जाण्याआधी चारही पाय उचला, आठही नख्या दाबून पाहा, बेचकीत बोट फिरवा. एकही नखी गरम लागली, एकही पाय ओढला, तर या वर्षी पट पाहायला जा, पळवायला नको. गोऱ्हा शाबूत राहिला तर पट पुढच्या वर्षीही आहेच.