आधी आपले फलक उतरवू या

वाढदिवस असो, जयंती असो की ईद-ए-मिलाद, बीडचे चौक फ्लेक्सने झाकले जातात. वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण. त्यांच्याच नावाचा फलक कुणाची वाट अडवत असेल, तर आपण काय साजरे करतो आहोत?

नियम अवघड नाहीत. नगर परिषदेची परवानगी घ्यायची, जागा आणि मुदत पाळायची. 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दोन हजार! मोठ्या फ्लेक्सची छपाईच तेवढी होते. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी महाकाय जाहिरात फलक कोसळून 17 जण गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

कारवाई तोंड पाहून होते, ही आपली तक्रार मला खोटी वाटत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कानपूरच्या एका फलकाचा वाद देशभर पोहोचला. पण परवानगीचा कागदच नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर? नगर परिषदेने दिलेल्या परवानग्यांची यादी, क्रमांक आणि शेवटच्या तारखेसह, संकेतस्थळावर टाकावी. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. हे एका साध्या तक्त्याचे काम आहे. मग कुणाचा फलक राहिला आणि कुणाचा उतरला, ते सगळ्यांना दिसेल.

तोवर आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना मी एवढेच सांगणार आहे: अर्ज आठ दिवस आधी द्या, पोच जपून ठेवा आणि जुलूस संपला की त्याच रात्री दोऱ्या कापा.