काचेची आतली बाजू

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांचे रात्रीचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथपणे कारखान्याच्या दिशेने चाललेले असतात आणि ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा दिवा, असलाच तर, झाकून टाकलेला असतो. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या, लाल कापड बांधण्याच्या सूचना निघतात. दर हंगामात मोटार ट्रॉलीवर मागून आदळल्याच्या बातम्याही येतात. अशा वेळी सारा दोष ट्रॉलीवाल्याच्या माथी जातो, आणि बहुधा तो त्याचा असतोही. तथापि ट्रॉलीचा दिवा आपल्या हाती नाही. आपल्या गाडीची पुढची काच मात्र आहे.

एरवी या सदरात मुदत ठेवी, नामनिर्देशन, कर्जाचे हप्ते असे विषय येतात. या महिन्यात विषय काचेचा घेतला आहे, कारण आपल्या समाजातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी पेठेच्या कामासाठी, वसुलीसाठी किंवा लग्नकार्यासाठी याच रस्त्यांवरून अंधारात परतत असतो आणि घरची मंडळी त्याची वाट पाहत असतात.

प्रथम हा प्रकार घडतो कसा ते पाहू. डॅशबोर्डचे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये उन्हाच्या तापाने सूक्ष्म वाफेच्या रूपात बाहेर पडतात आणि काचेच्या आतल्या बाजूवर बसतात. नव्या गाडीत हे अधिक घडते. त्यात श्वासातील दमटपणा, रस्त्यावरची धूळ, वाहनांची काजळी आणि सकाळी गाडीत लावलेल्या उदबत्तीचा धूर यांची भर पडते. काही आठवड्यांत काचेवर एक पातळ, तेलकट थर तयार होतो. दिवसा तो दिसत नाही, म्हणून त्याची दखलही कोणी घेत नाही. रात्री मात्र समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश त्या थरातील असंख्य कणांवर आपटून विखुरतो आणि काच क्षणभर दुधाळ होते. जे काळे दिसायला हवे ते राखाडी दिसू लागते. काळ्या रस्त्यावरची काळी ट्रॉली ओळखण्यासाठी डोळ्याला जो थोडासा फरक लागतो, तोच त्यात बुडून जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ट्रॉली एक सेकंद उशिरा दिसली, तर हे १७ मीटर ब्रेक दाबण्यापूर्वीच खर्ची पडलेले असतात.

आता आपल्याकडे काच पुसतात कशी? पहाटे गाडी पुसणारा मुलगा बादलीभर पाणी घेऊन येतो, बाहेरून फडके मारतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. त्याच्याकडे गाडीची किल्ली नसते, त्यामुळे आतली बाजू त्याच्या कक्षेतच येत नाही. मालकाला वाटते की काच रोज पुसली जाते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही एकेरी नोंद झाली. काचेला जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत आणि दुसरी बाजू वर्षानुवर्षे कोरीच राहते. सर्व्हिसिंग सेंटरमध्ये आतून सफाई होते हे खरे. परंतु तेथे डॅशबोर्डला चमक येण्यासाठी जो चिकट द्रव फासतात, त्याचाच अंश पुन्हा काचेवर चढतो. शिवाय चकचकीत डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेत पडते ते वेगळेच. हा पैसे देऊन घेतलेला त्रास आहे असे माझे मत आहे. डॅशबोर्ड नुसत्या ओलसर फडक्याने पुसावा, तो मंदच दिसावा.

आतली बाजू पुसण्याचे काम मालकाने स्वतः करावे. गाडी सावलीत उभी असावी आणि काच थंड असावी, कारण तापलेल्या काचेवर ओलावा पुरता पुसला जाण्यापूर्वीच वाळतो आणि रेघा उमटतात. दोन मायक्रोफायबर फडकी घ्यावीत, एक ओलसर आणि एक कोरडे. पाणी काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे. काचेवरून ओघळलेले थेंब डॅशबोर्डच्या फटींत आणि आरशामागील यंत्रणेत शिरतात. तेलकटपणा अधिक असेल तर पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर मिसळावे. करोनाच्या काळात घेतलेले सॅनिटायझर अनेक घरांत अजून शिल्लक आहे व ते या कामी वापरण्याचा मोह होतो. पण त्यात हाताची त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन असते आणि तेच काचेवर नवा थर देते. स्टिअरिंगमागचा खालचा कोपरा हाती लागत नाही, म्हणून शेजारच्या आसनावर बसून हाताच्या मागच्या बाजूने फडके दाबावे. पहिल्या वेळी फडक्यावर जो करडा-पिवळा डाग येतो, तो घरातील सर्वांना अवश्य दाखवावा. पुढच्या वेळी सांगावे लागत नाही.

यात एक जुनी युक्ती फार उपयोगी आहे. आतून पुसताना हात आडवा फिरवावा आणि बाहेरून पुसताना उभा. मग एखादी रेघ राहिलीच तर ती कोणत्या बाजूची हे तिच्या दिशेवरूनच कळते. ताळेबंद जुळला नाही की चूक कोणत्या वहीत आहे हे शोधण्यात रात्री घालवलेल्या माणसाला या युक्तीचे मोल विशेष वाटते.

येथे सूर्याचाही विचार करायला हवा. तो तर कोणत्याही हेडलाइटपेक्षा प्रखर. कोल्हापूरहून सांगली साधारण पूर्वेकडे पडते. म्हणजे कोल्हापूरचा जो व्यापारी सकाळी सांगलीच्या पेठेत जातो, त्याच्या डोळ्यांवर जाताना उगवता सूर्य असतो आणि संध्याकाळी परतताना मावळता. सांगलीकराच्या मात्र दोन्ही वेळा तो पाठीशी! यावरून कोणी दोन्ही गावांच्या नशिबाविषयी वाद घालू नये. परंतु कोल्हापूरकरांनी काच आतून पुसण्याचे काम अधिक मनावर घ्यावे हे खरे. त्यातून आपल्यापैकी ज्यांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम आहे, ते सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याच्या घाईत नेमक्या त्याच अर्ध्या तासात हातकणंगल्याच्या आसपास असतात. घाई, समोर तिरपा सूर्य आणि मळकी काच या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ देणे बरे नव्हे. शक्य तर पेठेतूनच अर्धा तास लवकर निघावे.

बाहेरच्या बाजूला मुख्य शत्रू धूळ. आपल्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे किंवा कोरड्या काचेवर वायपर चालवणे म्हणजे काचेवर बारीक कानस फिरवणे होय. या ओरखड्यांना पुसून काढण्याचा उपाय नाही आणि वायपरच्या अर्धवर्तुळात ते रात्री जाळ्यासारखे चमकतात. म्हणून आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच फडके लावावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये; तिचा थर काचेवर राहतो आणि रंगालाही ती मानवत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आर.ओ. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक गृहिणी ते गाडी धुण्यासाठी बाजूला ठेवतात. हेतू उत्तम, पण ते पाणी मूळ पाण्याहून अधिक क्षारयुक्त असते. ते काचेवर वाळले की पांढरे ठिपके बसतात. बोअरच्या पाण्याचेही तेच. अशा पाण्याने चाके आणि खालचा भाग धुवावा, अंगण धुवावे. काचेसाठी मात्र तांब्याभर साधे मऊ पाणी वेगळे घ्यावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी यासाठी फार चांगले, कारण ते हवेतील वाफेपासून झालेले असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. वायपरच्या टाकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर घातले तर फवाऱ्याची छिद्रे क्षाराने बुजत नाहीत. जुने ठिपके असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पाच-दहा मिनिटे त्यावर ठेवून मग पुसावे. ब्लेडने खरवडू नये.

पावसाळ्याच्या तोंडावर वायपरचे रबर बोटाने चाचपून पाहावे. वर्षभराच्या उन्हाने ते कडक होते, कडेला चिरते आणि पुसण्याऐवजी पाणी फासत जाते. नवे ब्लेड ही काही शे रुपयांची वस्तू आहे. ज्या गाडीला लाखो रुपये मोजले, तिचे रबर तीन-तीन पावसाळे चालवणे ही काटकसर कोणत्या खात्यात टाकावी हे मला उमगलेले नाही.

या वायपरचा इतिहास व्यापारी मंडळींनी ऐकण्याजोगा आहे. अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये ट्रामचा चालक हिमवर्षावात काच उघडून, गारठ्यात कुडकुडत रस्ता पाहत असल्याचे पाहिले आणि आतून हाताने फिरवता येईल अशा दांडीचे पेटंट १९०३ मध्ये मिळवले. कॅनडातील एका कंपनीला त्यांनी ते देऊ केले, तेव्हा यात व्यापारी मूल्य दिसत नाही असे उत्तर आले. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि पुढे वायपर प्रत्येक गाडीत बसला. बाईंना त्यातून काही मिळाले नाही. योगायोग असा की त्याच १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडले, तडकले, पण विखुरले नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा घालून केलेली सुरक्षा काच पुढे आली. त्यांनी तिचे पेटंट १९०९ मध्ये घेतले. आपल्या गाडीची पुढची काच याच जातीची आहे. आघात झाला तर ती तडकते, अंगावर कोसळत नाही.

काचेचा विमा हा माझ्या आवडीचा प्रांत असल्याने दोन शब्द. वायपरने पडलेले ओरखडे ही झीज मानली जाते आणि झीज विम्यात येत नाही. तो खर्च मालकाचाच. दगड लागून काच तडकली तर दावा करता येतो, आणि काचेवर घसारा कापला जात नाही ही जमेची बाजू. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. ही सवलत पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के अशी चढते. ५० टक्क्यांवर असलेल्याने दावा केला तर पुढील पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एकूण १२५ टक्के सवलत हातची जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम दरवर्षी १२,००० रुपये धरला, तर ही रक्कम १५,००० रुपये होते. काच बदलण्याचा खर्च त्याहून कमी असेल तर दावा करण्यात हशील नाही. नाण्याएवढा लहान टवका असेल तर तो रेझिन भरून दुरुस्त होतो. मात्र हे लवकर करावे आणि तोवर तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये, त्याने तडा पसरतो.

पावसात काच धूसर झाली की अनेकजण हाताने पुसतात, आणि तळहाताचे तेल पुन्हा काचेवर जाते. धुके आतून असेल तर एसी लावून बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतील ओल काढून घेतो. बाहेरून असेल तर काच फार थंड झाली आहे असे समजावे, एसीचा गारवा कमी करावा आणि वायपर एकदा फिरवावा. पहिल्या पावसानंतर रात्रीच्या प्रवासात पाखरे दिव्यांकडे झेपावतात आणि काचेवर आदळतात. ते पाहून आपल्याकडे कोणाचाही जीव हळहळतो. चातुर्मासात रात्रीचा प्रवास टाळण्याचा जुन्यांचा परिपाठ मोटारीच्या काळातही तितकाच लागू आहे.

शेवटचा मुद्दा साठीच्या पुढील वाचकांसाठी. काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ करूनही समोरच्या दिव्याभोवती वलय दिसतच राहिले, तर काचेला दोष देऊ नये. गाडी अंधारात उभी करावी, घरातील एखाद्या तरुणाला त्याच आसनावर बसवावे आणि त्याला वलय दिसते का ते विचारावे. त्याला दिसत नसेल तर नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी, कारण मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींतील एका गुळाच्या व्यापाऱ्यांनी दिवाळीपासून तीन वेळा काच पुसून घेतली, एकदा वायपरही बदलले. अखेर नातवाला शेजारी बसवून विचारले. जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये डाव्या.