सॅक्सोफोनचा स्वर कोणाचा?

सॅक्सोफोनच्या इतिहासात वाद्य घडवणारा दिसतो, वाजवणारा दिसतो. कानस धरणारा हात मात्र क्वचितच दिसतो. माझ्या मते ही उणीव मोठी आहे.

अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले. त्याच्या माउथपीसची पोकळी मोठी, गोलाकार. नाद भरीव आणि मऊ. पुढे विसाव्या शतकात जॅझचे वाद्यवृंद मोठे झाले. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गजरात तो नाद बुडू लागला, तेव्हा पोकळी अरुंद झाली आणि बॅफल उंचावला.

बॅफल म्हणजे टोकामागचा, रीडसमोरचा आतला उतार. तो उंच असेल तर वरचे उपस्वर उजळतात, स्वर धारदार होतो. खोलगट असेल तर स्वर गडद राहतो. टोकाजवळचा पुसटसा उंचवटा घासला, तरी फुंकरीला मिळणारा प्रतिसाद बदलतो.

जर्मनीत जन्मलेले वादक सिगुर्ड राशर आयुष्यभर सॅक्सच्या मूळ रचनेचा आग्रह धरत राहिले. तो आदरणीय आहे. तथापि तेवढ्यावरून उंच बॅफलचा स्वर अशुद्ध ठरत नाही. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेचा स्वर घडवून घेतला.

परंतु घासलेला कण परत येत नाही. नव्या माउथपीसवर कानस हलकेच फिरवावी, प्रत्येक वेळी वाजवून ऐकावे. जुन्या, दुर्मीळ माउथपीसला मात्र हात लावू नये. त्या काळच्या नादाचा तोच पुरावा आहे.