न्यायला कोण येणार?

प्रवासाला निघालेल्या माणसाला आमची अम्मी एकच प्रश्न विचारते, "तिथे न्यायला कोण येणार?" तिकीट किती रुपयांचं, हॉटेल कसं, हवा कशी, याची चौकशी ती करत नाही. न्यायला येणाऱ्याचं नाव कळलं की तिचा जीव भांड्यात पडतो.

याला कारण आहे. तिचं माहेर हर्णैचं. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णैला किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून वाळूवर यायची. कपडे भिजायचे, ट्रंका भिजायच्या, लहान मुलं कुणाच्या तरी खांद्यावर असायची. पण वाळूच्या वर माडांखाली नानांची बैलगाडी उभी असे. ती दिसली की प्रवास संपला, असं अम्मी सांगते. घर अजून दोन मैल लांब असलं तरी.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत तिच्या या प्रश्नाची आम्हाला चांगलीच आठवण झाली.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला असतो. अम्मी त्याच्याकडेच राहते. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून त्याचा आग्रह होता की या वेळी थेट तिथेच उतरायचं. उलवे टेकडी फोडताना होणारे सुरुंगाचे आवाज आम्ही नेरुळकरांनी कित्येक वर्षं ऐकले. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आता आपली माणसं घराजवळ उतरणार याचा आनंद मलाही होता. भावाने बेत आखला. आधी दोन दिवस शहराबाहेरच्या एका थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये सगळ्यांनी एकत्र राहायचं, मग आठवडाभर आमच्याकडे. मुलांना झुले, मोठ्यांना विश्रांती. फेब्रुवारीतच त्याने खोल्या ठरवल्या. शेजारचं दुसरं रिसॉर्ट थोडं स्वस्त होतं, पण त्याने हे निवडलं ते एका ओळीमुळे: विमानतळ ते रिसॉर्ट, येण्याजाण्याची गाडी मोफत.

निघायच्या चार दिवस आधी त्याच्या मोबाइलवर निरोप आला. विमानतळाची मोफत गाडी या महिन्यापासून बंद करण्यात आली आहे, पाहुण्यांनी आपली सोय आपण करावी, ॲपवर टॅक्सी सहज मिळते. गैरसोयीबद्दल दिलगिरी. बस्स.

टॅक्सी मिळते, हे खरंच आहे. पण माणसं किती? भाऊ, भावजय, तीन मुलं आणि अम्मी. अम्मीचे गुडघे गेले आहेत. तिची घडीची चाकाची खुर्ची सोबत. शिवाय आठ-दहा दिवसांच्या बॅगा. साध्या टॅक्सीत हे बसत नाही. एक मोठी गाडी करा, नाहीतर दोन लहान. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. भाऊ आणि भावजय रात्री जेवताना हा हिशोब करत बसले. तू नीट वाचलं नव्हतंस, तुम्हीच म्हणाला होतात मोफत आहे, असं थोडं वाजलंही. घराघरांत वाजतं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीचा मला फोन आला. म्हणाली, "बेटा, मी काही येत नाही. माझी खुर्ची, माझं सामान, माझ्यामुळे मोठी गाडी करावी लागते. पोरं जाऊन येऊ देत. मला काय झुल्यात बसायचंय?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. रिसॉर्टने एक गाडी बंद केली होती. तिचा खर्च मात्र आमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने आपल्या अंगावर घेतला होता.

अशी गोष्ट आमच्याच वाट्याला आली असं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या थीम पार्क रिसॉर्टमध्येही हेच झालं. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथे २००५ च्या मे महिन्यात 'मॅजिकल एक्सप्रेस' नावाची बससेवा सुरू झाली. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना ऑरलँडोच्या विमानतळावरून हॉटेलवर आणायचं आणि परत पोहोचवायचं, तेही पैसे न घेता. पाहुण्यांना घरीच पिवळ्या चिठ्ठ्या पाठवत. त्या बॅगांना बांधल्या की विमानतळावर बॅगांची वाट पाहत उभं राहायला नको, बॅगा थेट खोलीत येत. लहान मुलं आणि म्हातारे आईबाप घेऊन येणाऱ्यांना ही केवढी मोठी सोय! मुलांची सुट्टी त्या बसमध्ये पाय ठेवल्यापासूनच सुरू व्हायची.

जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की १ जानेवारी २०२२ पासून ही सेवा बंद. कारण काय, तर लोकांकडे आता टॅक्सीचे पुष्कळ पर्याय आहेत. म्हणजे आमच्या निरोपात होतं तेच. ज्या कंपनीच्या बसगाड्या तिथे धावत होत्या, तिने पुढे स्वतःची पैसे घेणारी सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर मोठ्या माणसाला एका बाजूने १६ डॉलर होता. चार मोठी माणसं गेली आणि परत आली, तर १२८ डॉलर. काल जे फुकट होतं, त्याचे हे पैसे.

तरी दोन्हींत एक फरक आहे. डिस्नेने जवळजवळ वर्षभर आधी सांगितलं. आम्हाला चार दिवस मिळाले.

मुळात ती बस फुकट का होती, हेही पाहायला हवं. विमानतळावरून बसने आलेल्या कुटुंबाकडे स्वतःची भाड्याची गाडी नसते. गाडी नसली की ते कुटुंब जवळपासच्या दुसऱ्या पार्कमध्ये सहजासहजी जात नाही, बाहेर जेवायला जात नाही. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मुलांची टोपी, सगळं तिथेच विकत घेतं. बसचं भाडं असं फिरून वसूल होतं. त्यात वाईट काही नाही, धंदा असाच चालतो. पण आपण मात्र त्याला बक्षीस समजतो, आणि ते काढून घेतलं की आपला अपमान झाला असं वाटतं. आपण ते आधीच विकत घेतलेलं असतं. भावाने स्वस्त रिसॉर्ट सोडून हे महाग घेतलं, तेव्हा गाडीचे पैसे त्याने त्याच फरकात दिले होते.

हा धडा आपल्या घरांना आधी एकदा मिळालेला आहे. हजच्या प्रवासात मिळणारी सबसिडी आठवा. ती कधी हाजींच्या हातात पडली नाही, विमानभाड्यातच वळती होत असे. तरीही लोक वर्षानुवर्षं आपल्याला ऐकवत राहिले की तुम्हाला फुकट मिळतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ती बंद केली. हाजी थांबले नाहीत. कुणी जमीन विकली, कुणी बचत वाढवली, लोक जातच राहिले. त्या वेळी आमच्या गावातले एक बुजुर्ग म्हणाले होते, बरं झालं, आता आपला प्रवास आपल्या पैशाचा आहे हे कुणाला सांगायला नको. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं.

पण दोन गोष्टींत गल्लत करू नये. मेहेरबानी म्हणून मिळालेलं गेलं तर सबर करावा. किमतीत धरून विकलेलं काढून घेतलं तर मात्र विचारावं. आपला कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' कशाला म्हणायचं त्याची यादी आहे. एखादी गोष्ट फुकट देतो असा भास निर्माण करायचा आणि तिची किंमत पूर्ण किंवा थोडी एकूण रकमेतच धरायची, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. देऊ केलेली वस्तू द्यायचीच नाही अशा हेतूने देऊ करणं, हेही आहे. दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. भांडायला जायचं नाही, पण आपलं म्हणणं सभ्यपणे मांडायला लाज कसली?

आणि विचारल्याने कधी कधी फरक पडतो. त्याच डिस्नेने २०१८ मध्ये आपल्या हॉटेलांत रात्री गाडी उभी करण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली होती. लोक नाराज राहिले, बोलत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ते पैसे रद्द झाले. बस मात्र परत आली नाही.

आम्हीही विचारलं. भावाने फेब्रुवारीत ठरवलं तेव्हाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला होता, हे नशीब. देण्याघेण्याची गोष्ट लिहून ठेवावी, ही शिकवण आपल्याला काही नवी नाही, आपण पाळत नाही इतकंच. त्याने तो फोटो पाठवला आणि नम्रपणे कळवलं की आम्ही ही सोय पाहूनच पैसे भरले होते. आधी नकार आला. दुसऱ्या दिवशी फोन आला की परतीच्या दिवशी एक गाडी तुम्हाला नेरुळपर्यंत सोडेल. येतानाची सोय होणार नाही. अर्धं मिळालं.

राहिलं अर्धं. ते सोपं होतं, फक्त आम्हाला सुचायला हवं होतं. मुलांचे अब्बा म्हणाले, "विमानतळ आपल्या दारात आहे आणि आपण टॅक्सीचा हिशोब काय करतोय?" आमच्या सोसायटीतल्या एका चाचांची सात आसनांची गाडी आहे. त्यांना सांगताच त्यांनी चावी पुढे केली. डिझेल आम्ही भरलं. मग मी अम्मीला फोन केला. गाडीचा, पैशांचा विषयच काढला नाही. एवढंच म्हटलं, "अम्मी, न्यायला तुमचा जावई येतोय."

ती पलीकडून म्हणाली, "मग ठीक आहे."

त्या दिवशी विमानतळाच्या दारातून तिची खुर्ची बाहेर आली तेव्हा तिची नजर गर्दीत शोधत होती. जावई दिसला आणि तिने हात वर केला. हर्णैच्या वाळूत ती अशीच हात करत असेल.

परतताना रिसॉर्टची गाडी आली. चालक तरुण होता. अम्मीला धरून त्याने सांभाळून बसवलं. बोलता बोलता म्हणाला की आधी रोज दोन-तीन फेऱ्या असायच्या, आता बोलावलं तरच. या बंद झालेल्या गाडीचा विचार करताना तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्याच्या घरच्यांनीही काहीतरी हिशोब केला असेल.

सुट्ट्या पुन्हा येतील, पाहुणेही येतील. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. खोली ठरवताना 'मोफत' शब्द दिसला की फोन करून विचारा: कोणत्या विमानतळावरून, किती माणसं, किती सामान, कोणत्या वेळी, आणि बंद झाली तर काय? उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून मागा, आणि त्या पानाचा फोटो ठेवा. घरात कुणाला चालवत नसेल तर विमान कंपनीला चाकाच्या खुर्चीचं निदान दोन दिवस आधी कळवा. पण ती खुर्ची विमानतळाच्या दारापर्यंतच असते, पुढचं आपलं आपण पाहायचं हे लक्षात ठेवा. दोन ठिकाणांची तुलना करताना नुसतं खोलीचं भाडं पाहू नका, घरापासून घरापर्यंतचा खर्च मांडा. एकट्या तरुणाला गाडी गेल्याने काही फरक पडत नाही, तो बस पकडेल, लोकल पकडेल. फरक पडतो तो तान्हं मूल आणि म्हातारी आई सोबत असणाऱ्याला.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. असला हिशोब वडीलधाऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांनी आपल्याला खांद्यावर घेऊन पाणी ओलांडलं, तेव्हा वजन किती हे मोजलं नव्हतं.

अम्मी डिसेंबरात पुन्हा यायचं म्हणते आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. न्यायला कोण जाणार ते ठरलं आहे.