चार मीटरांत सात माणसे

चार मीटरांच्या आत बसवलेली सात आसनी गाडी ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे मत वाहनांच्या जाणकारांत बरेच रुजले आहे. करसवलतीसाठी लांबी कापली आणि जाहिरातीसाठी आसने वाढवली, असा हा आरोप. ऑगस्ट २०१९ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या रेनो ट्रायबरवर तो घासून पाहता येतो. तिची लांबी ३,९९० मिलिमीटर, इंजिन ९९९ सीसी आणि आसने सात.

आरोपाचा पहिला भाग खरा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांपर्यंतच्या छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले आणि तेव्हापासून भारतीय गाड्यांची लांबी करानेच आखून दिली. पण बंधन कुठून आले यावरून त्या बंधनातले काम वाईट ठरत नाही.

‘एवढ्या लांबीत सात माणसे कोंबावीच लागतात’ हा आक्षेप बाहेरची लांबी मोजतो. माणसे बसतात ती आत. ट्रायबरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,६३६ मिलिमीटर आहे. एकूण लांबीच्या सुमारे ६६ टक्के. चाके अशी दोन्ही टोकांना सरकवता आली, याचे एक कारण तीन सिलिंडरचे आटोपशीर इंजिन. आसने उंच आणि ताठ ठेवली की मांडी आडवी पसरत नाही, पाय खाली सुटतो आणि पुढच्या रांगेपर्यंतचे अंतर कमी पुरते. मधली रांग मागेपुढे सरकते, त्यामुळे गुडघ्यांची जागा दोन्ही रांगांना वाटून घेता येते. मागे बसणाऱ्याचे डोके टेकू नये म्हणून छप्पर मागच्या बाजूला थोडे उचलले आहे. वरच्या दांड्यांमुळे तो उंचवटा बाहेरून पटकन लक्षात येत नाही. तिसऱ्या रांगेला एसीची हवाही स्वतंत्र मिळते. फसवायचेच असते तर एवढे कष्ट कोणी घेतले नसते.

‘तिसरी रांग वर्षातून चारदा लागते, एरवी ती अडगळच’ या म्हणण्याचे उत्तर रचनेतच आहे. तिथली दोन्ही आसने सुटी आहेत, काढून ठेवता येतात. सातही आसने जागेवर असताना डिकी ८४ लिटरची. दोन्ही काढली की ६२५ लिटरची. १९९९ च्या ओपेल झाफिराने मागची आसने गाडीच्याच तळात दुमडून बसवली होती आणि ती युक्ती निःसंशय सरस होती. सुटे आसन जिना चढवून घरात ठेवावे लागते; ज्या घरात कपाटालाच जागा नाही, तिथे हा त्रास मोठा आहे. तरीही रोज पाच जणांची आणि सणावाराला आजी-आजोबांसह सात जणांची अशी दोन्ही कामे एका गाडीकडून करून घेणाऱ्या कुटुंबाला, दुसरी गाडी घेण्यापेक्षा हा त्रास परवडतो.

इंजिनाबद्दलची तक्रार मात्र मान्यच करावी लागते. ७२ अश्वशक्ती शहरात पुरते. सात माणसे भरून कसारा घाट चढताना पुरत नाही, गिअर खाली उतरवत राहावे लागते. पण हा दोष किमतीच्या हिशोबाचा आहे, रचनेचा नव्हे. मारुती एर्टिगा २०१२ मध्ये १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनासह आली आणि २०१८ पासून १.५ लिटरवर गेली. तीन रांगांच्या कौटुंबिक गाडीला पुरेसे बळ देता येते, हे त्यातून दिसतेच. एर्टिगासाठी मात्र ग्राहकाला चार मीटरांची मर्यादा आणि तिच्याबरोबरची करसवलत सोडावी लागते, इतकेच.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत गंभीर. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ट्रायबरला प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. त्या चाचणीतली धडक समोरून दिलेली असते. मागच्या काचेजवळ बसलेल्या मुलाला मागून ठोकर बसली तर काय होईल, हे ते तारे सांगत नाहीत. म्हणून तिसऱ्या रांगेत सीटबेल्ट न लावता मुले बसवणे कोणत्याही सबबीखाली चालवून घेता कामा नये.

उंच बॉनेटच्या, एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाडीच्या ओढीने छोट्या सात आसनी गाडीला मागे रेटले आहे. पण बॉनेटची लांबी प्रवाशांच्या वाट्यातूनच जाते. ट्रायबरची सर्वांत उपयोगी मांडणी सहा जणांची: मागचे एकच आसन काढायचे, मग सहा माणसे बसूनही डिकीत ३२० लिटर जागा उरते. दोन दिवसांच्या गावाकडच्या फेरीचे सामान तेवढ्यात मावते.