समजून घ्या : धरणाच्या मातीवरचे दगड निखळले तर काय होतं?

जायकवाडी भरलं की आपल्या मोबाइलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरतात. उघडलेले दरवाजे, फेसाळ पाणी, मागे कुणाची तरी उत्साही कॉमेंट्री. धरणाला 27 दरवाजे आहेत आणि सगळ्यांची नजर तिथंच खिळते. पण सुमारे 10 किलोमीटर लांबीच्या या धरणात दरवाजांचा भाग अगदी छोटा आहे. बाकी बहुतेक लांबी म्हणजे मातीचा भराव. आपल्या शहराचं पिण्याचं पाणी ज्या नाथसागरातून येतं, तो अडवलाय मुख्यतः मातीने. आणि त्या मातीला पाण्यापासून वाचवतात पाण्याकडच्या उतारावर बसवलेले काळे दगड.

सरकारी कागदांत याला ‘अश्मपटल’ म्हणतात. साइटवर हा शब्द क्वचितच ऐकू येतो, तिथं सगळे ‘पिचिंग’च म्हणतात. इंजिनीअरिंगला असताना आम्हीही हा विषय परीक्षेपुरता वाचून सोडून दिला होता. दगड लावायला कसलं आलंय शास्त्र, असं वाटायचं.

शास्त्र आहे, आणि ते लाटांपासून सुरू होतं. धरणाच्या पाण्याला समुद्रासारख्या लाटा नसतात हे खरं. पण पश्चिमेकडून येणारा वारा नाथसागराच्या मोकळ्या पाण्यावरून कित्येक किलोमीटर धावत येतो आणि पैठणजवळ भिंतीवर आदळतो. मोकळं पाणी जितकं लांब, तितकी लाट मोठी. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिला पुरून उरायला दगड दुप्पट वजनाचा नाही, साधारण आठपट वजनाचा लागतो. वाहत्या पाण्याचा हिशेब त्याहून कडक आहे. वेग दुप्पट झाला की पाणी 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं. नाल्याच्या काठाला डोक्याएवढे दगड लावून बिल काढलं जातं आणि पहिल्याच पुरात ते पुढच्या पुलाखाली सापडतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

दगडही कुठलाही चालत नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणाची कमतरता नाही, पण त्याच्याच थरांत मऊ मांजऱ्या खडकही निघतो. खाणीतून तो ट्रॉलीत मिसळून येतो. ओला-कोरडा, तापला-निवला असं काही वर्षं झालं की त्याचा भुगा होतो. हातोडी मारली की चांगला दगड खणखणीत वाजतो, हा एवढा आवाज साइटवर ऐकायला कुणीतरी हजर असायला हवं.

पण खरा खेळ दिसणाऱ्या दगडांच्या खाली आहे. त्यांच्या खाली खडीचा आणि त्याखाली वाळूचा थर असतो. लाट आदळते तेव्हा पाणी फटींतून आत जातं, मागे सरते तेव्हा ते बाहेर येतं. येताना सोबत मातीचा कण आणू पाहतं. हे थर त्या कणाला अडवतात आणि पाण्याला सोडतात. चहाच्या गाळणीसारखंच. गाळणी नसेल तर वरचा दगड कितीही वजनदार असो, त्याच्याखालची माती चिमूट-चिमूट निघून जाते आणि एक दिवस दगड आत बसतो. शेजारचा मोकळा होतो. मग लाटेला फक्त तेवढी फट पुरते.

सिमेंट का नको?

हा प्रश्न हमखास येतो. फटी दिसल्या की आपल्याला त्या बुजवाव्याशा वाटतात. पण धरणातलं पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा भरावाच्या आत मुरलेलं पाणी मागे राहतं आणि बाहेर पडायला वाट शोधतं. फटी बुजवल्या आणि पाणी निघायला भोकंही ठेवली नाहीत, तर ते आतून अस्तरालाच ढकलतं. सिमेंटचा थर फुगतो, तडकतो. दगड मात्र थोडासा हलतो, पुन्हा बसतो. शिवाय तो खराब झाला तर दिसतो. सिमेंटखाली पोकळी झाली तर ती वरून कळतही नाही. खाम नदीच्या पुनरुज्जीवनात काठांना दगडी पिचिंग केलं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. शहरातल्या इतर नाल्यांना मात्र आपण अजूनही सरळसोट काँक्रीटच्या भिंती घालतो. त्या फोटोत चांगल्या दिसतात.

दगडाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 31 ऑगस्ट 2021 च्या पहाटे कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि धुळ्याकडची वाहतूक बंद पडली. अशा ठिकाणी पायथ्याला जाळीत भरलेले दगड उपयोगी पडतात, पण डोंगराच्या आत पाणी साठून अख्खा उतारच सरकत असेल तर वरवरचं दगडी अस्तर त्याला थांबवत नाही. तिथं आधी पाण्याला वाट काढून द्यावी लागते.

मग अडतंय कुठं?

डागडुजीत. नव्या धरणाचं भूमिपूजन होतं, निखळलेल्या दहा दगडांचं होत नाही. वेडी बाभूळ फटींत रुजते, तिची मुळं दगड उचलतात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि भरावात पोकळ नळी तयार होते. घुशी बिळं करतात. गावतळ्यांवरचे दगड तर गोठ्याच्या पायासाठी उचलून नेले जातात. यातलं एकेक काम किरकोळ आहे. चार माणसं, पहार आणि थोडी खडी यांत आटोपणारं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. थट्टेत मुद्दा हरवला. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तिथं प्रश्न गळतीचा होता, पिचिंगचा नव्हे, पण दिसलेली खूण वेळेत न हाताळण्याची सवय तीच.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. देखभालीसाठी निधी राखून ठेवणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे. माझी मागणी त्यापुढची आहे. जायकवाडीसह मराठवाड्यातल्या प्रत्येक धरणाच्या तपासणीत पिचिंगबद्दल काय आढळलं, कुठल्या साखळी क्रमांकावर दगड खचले आणि ते कधी बसवले, हे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने फोटोंसह वेबसाइटवर टाकावं. रोजचा पाणीसाठा आपल्याला मोबाइलवर मिळतो. भिंतीची तब्येत का मिळू नये?

लहान तलावांचं काय, असं विचाराल तर तिथं तुमचा फोनच कामाला येईल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उतार उघडा पडतो. बशीसारखा खोलगट खचलेला भाग, दगडांतून डोकावणारी माती, कोरड्या बाजूच्या पायथ्याशी मे महिन्यातही हिरवं गवत, यातलं काही दिसलं तर लोकेशनसह फोटो काढा. अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. गवताजवळ पाणी झिरपत असेल तर ते स्वच्छ आहे की गढूळ, हे अर्जात नक्की लिहा. गढूळ असेल तर भरावातली माती वाहून जाते आहे. मग पोच घेऊन थांबू नका, त्याच दिवशी तहसील कार्यालयाला फोन करा.