भुऱ्याची तक्रार

मांजर घाण करते, असे आपण सहज म्हणतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही म्हणत होतो. ते मत बदलले, पण बदलता बदलता माझ्या हातून एक पाप घडता घडता राहिले. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या रानशेतात मांजराला शौचासाठी वेगळे भांडे कोण देणार? परसात, वाडीत, चुलीच्या राखेच्या ढिगात ते उकरते, बसते, झाकते आणि चालू लागते. पण मुलाची बदली बंगळूरला झाली आणि जूनमध्ये त्यांचा बोका भुऱ्या आमच्याकडे आला. जन्म फ्लॅटमध्ये गेलेला. सोबत झाकणाचा डबा आणि सुवासिक मातीची पिशवी. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून डबा मोरीत वॉशिंग मशीनला खेटून ठेवला.

आठ दिवस बरे गेले. मग पायपुसण्यावर, मग घडी केलेल्या कपड्यांवर, आणि एकदा तर माझ्यादेखत वर्तमानपत्रावर! हिने फिनेल टाकून घर पुसून काढले, तर हा पुन्हा त्याच जागी. "मेला मुद्दाम करतो," असा निकाल लागला. शेजारचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, पोत्यात घालून द्या. डहाणूच्या मासळीबाजारात सोडून येतो, मासे खाऊन मजेत राहील." मी हो म्हटले. (प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंतर कळले.)

तो पोते आणायला गेला आणि मी भुऱ्याला शोधू लागलो. तर हा डब्यातच! बसला, उठला, पुन्हा बसला, बारीक आवाजात ओरडला. खाली जेमतेम दोन थेंब. सुनेला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. बोक्याची लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो." पोते आले ते टोपलीत अंथरले आणि भर पावसात रिक्षाने डहाणूला गेलो. मासळीबाजारात नाही, पशुवैद्यांकडे. नळी घालून लघवी काढावी लागली. पुढचे तीन दिवस हिने त्याला चमच्याने पाणी पाजले, "मेला" म्हणतच.

डॉक्टरांनी समजावले ते असे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, त्यात खडे किंवा चिकट स्राव अडकतो. डब्यात बसले की दुखते, म्हणून जनावर डब्यालाच दोष देते आणि मऊ जागा शोधते. शिवाय मांजराचे मूळ आफ्रिकेतल्या रानमांजरात, कोरड्या मुलखात. उघड्यावर, चहूकडे नजर ठेवून बसायची त्याची रीत. आम्ही त्याला बंद डब्यात, अत्तराच्या वासात, धडधडणाऱ्या मशीनशेजारी बसवत होतो! आणि फिनेल? त्यातली द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, ती त्याला विषच.

मला आमची शाळा आठवली. एक मुलगी दुपारनंतर बाकावर चुळबुळत असे. एकदा तिला बाकावरच झाले, सगळा वर्ग हसला, मीही रागावलो. नंतर कळले, मुलींच्या मुतारीला दार नव्हते आणि पाणीही नव्हते. ती सकाळपासून पाणी न पिता बसे. तेव्हा मी मुख्याध्यापकांशी भांडलो होतो. घरातल्या मुक्या जीवासाठी तेवढे डोके मात्र चालवले नाही. याची लाज वाटते.

म्हणून माझे म्हणणे आहे की मांजर डब्याबाहेर बसू लागले की आधी डॉक्टर, मग डबा, आणि मांजराला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी. ही विकतची माती तरी काय, राखेची धाकटी बहीण. १९४७ साली अमेरिकेत एड लोव यांनी शेजारणीला मांजराच्या राखेऐवजी वाळवलेली माती दिली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. ओली झाली की गोळा होणारी माती म्हणजे बेंटोनाइट, तिच्या खाणी आपल्या शेजारी कच्छमध्येच आहेत. बिनवासाची घ्यावी. घाण रोज काढावी. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावे, कारण मांजराच्या विष्ठेतल्या एका परजीवीपासून पोटातल्या बाळाला धोका असतो. तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व. पण तेवढ्यासाठी मांजर घराबाहेर काढू नये.

आता निळ्या पिंपाचा बुडखा कापून एक बाजू खाली उतरवली आहे. भुऱ्या त्यात गोल फिरू शकतो. जागा पडवीच्या कोपऱ्यात, जिथून त्याला अंगण दिसते. उकरताना अजून माती चौफेर उडवतो. ती झेलायला खाली तेच पोते अंथरले आहे.